फोटो स्पष्ट करा, पण माणूस बदलू नका

मागच्या वर्षी विहारात जुन्या फोटोंचे प्रदर्शन भरवायचे ठरले, तेव्हा आम्ही वस्तीत घरोघर फिरून फोटो गोळा केले. कुणाच्या पत्र्याच्या पेटीतून निघाले, कुणाच्या भिंतीवरच्या फ्रेममागून निघाले. त्यातच एक लहानसा कृष्णधवल फोटो होता. १९५६ साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतलेल्या माणसांचा, गावात काढलेला. पंधरा-वीस जण, पांढरे कपडे, मागे एक फलक. चेहरे उडदाच्या दाण्याएवढे आणि धूसर.

आमच्यातल्या एकाने त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला, तो व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि दुसऱ्याने तो एका अॅपमध्ये टाकला. अर्ध्या मिनिटात चेहरे लख्ख झाले. डोळ्यांत चमक आली, दात सरळ झाले. सगळ्यांनी वाहवा केली. मग तो फोटो ज्या घरातून आणला होता त्या घरच्या आजींना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारले, “हा कोण? हा माझा दादा नव्हं. दादाच्या भुवईवर खोक होती.”

खोक गेली होती. रंगही उजळला होता. मागच्या फलकावरच्या अक्षरांच्या जागी कुठल्याच लिपीत नसलेल्या रेघोट्या आल्या होत्या. फोटो सुंदर झाला होता, पण त्यातली माणसे आता आपली राहिली नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही हा विषय नीट शिकायचे ठरवले. धूसर फोटो सॉफ्टवेअरने खरोखर कितपत स्पष्ट होतो, कुठे थांबायचे, आणि कोणते सॉफ्टवेअर काय करते हे समजून घेतले. जयंती मंडळाचे फोटो काढणाऱ्या, जुने अंक जपणाऱ्या आणि अन्याय-अत्याचाराच्या ठिकाणी मोबाइल घेऊन सर्वात आधी पोहोचणाऱ्या तरुणांना ते उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहोत.

फोटो धूसर का होतो?

इलाज करण्याआधी रोग ओळखावा लागतो. धूसरपणा एकच नसतो, त्याचे निदान चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार फोकस चुकल्याचा. समोरच्या वस्तूवरील एका बिंदूचा उजेड फोटोतही एकाच बिंदूवर पडायला हवा. फोकस चुकला की तो एका छोट्या वर्तुळात पसरतो. अशी लाखो वर्तुळे एकमेकांवर चढली की कडा विरघळल्यासारख्या दिसतात.

दुसरा प्रकार हालल्याचा. शटर उघडे असताना हात हलला किंवा माणूस हलला, तर बिंदूची रेघ होते. मिरवणुकीचे संध्याकाळचे फोटो बहुधा असेच बिघडतात. हात हलला असेल तर सगळा फोटो एकाच दिशेने ओढल्यासारखा दिसतो. माणूस हलला असेल तर फक्त तोच धूसर आणि मागची भिंत स्पष्ट असते.

तिसरा प्रकार मुळात तपशीलच कमी असल्याचा. मोठ्या समूहात एखाद्याच्या चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम दहा-पंधरा ठिपके, म्हणजे पिक्सेल, आलेले असतात.

चौथा प्रकार दाबून लहान केल्याचा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवले की फाइल लहान केली जाते आणि बारीक तपशील टाकून दिला जातो. तोच फोटो पुढे पुढे पाठवत गेलो की चेहऱ्यावर चौकोनी ठोकळे दिसू लागतात.

पहिल्या दोन प्रकारांत माहिती बरीचशी फोटोतच असते, फक्त ती विस्कटलेली असते. शेवटच्या दोन प्रकारांत माहिती उरलेलीच नसते. पुढचे सगळे या फरकावर अवलंबून आहे.

जुनी आणि प्रामाणिक पद्धत : कडा उठावदार करणे

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘शार्पन’ किंवा ‘अनशार्प मास्क’ नावाची सोय असते. नावात ‘अनशार्प’, म्हणजे धूसर, का आहे असा प्रश्न आम्हालाही पडला होता. ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची, डार्करूममधली आहे. छायाचित्रकार मूळ निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत बनवत, दोन्ही एकावर एक ठेवत आणि त्यातून प्रिंट काढत. त्यामुळे कडा जास्त ठळक उठत.

सॉफ्टवेअरही हेच करते. ते मूळ फोटोची आणखी धूसर प्रत बनवते. मूळ फोटोतून ती वजा केली की उरतात त्या कडा : कपाळ आणि केस यांच्यामधली रेघ, अक्षराची बाजू, साडीचा काठ. या कडा ते पुन्हा मूळ फोटोत मिसळते. कडेच्या एका बाजूला थोडा अंधार, दुसऱ्या बाजूला थोडा उजेड वाढतो आणि आपल्या डोळ्याला फोटो स्पष्ट वाटतो.

येथे नवी माहिती तयार होत नाही. जी कड आहे तीच ठळक होते. म्हणून ही पद्धत फार चमत्कार करत नाही, पण खोटेही बोलत नाही.

‘गिंप’ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घेता येते. त्यात ‘फिल्टर्स’, मग ‘एनहान्स’, मग ‘शार्पन (अनशार्प मास्क)’ असे जायचे. तेथे तीन आकडे दिसतात. ‘रेडियस’ म्हणजे कडेच्या आजूबाजूला किती रुंदीपर्यंत परिणाम करायचा. ‘अमाउंट’ म्हणजे किती जोर लावायचा. ‘थ्रेशोल्ड’ म्हणजे किती लहान फरकाकडे दुर्लक्ष करायचे. जुन्या फोटोत कागदाचे आणि फिल्मचे दाणे असतात. थ्रेशोल्ड शून्यावर ठेवला तर तेही कडा समजून ठळक होतात आणि चेहऱ्यावर वाळू फेकल्यासारखे दिसते. आम्ही सुरुवात रेडियस १ ते २ आणि अमाउंट ०.५ च्या आसपास ठेवून करतो, मग थ्रेशोल्ड हळूहळू वाढवतो. फोटो पडद्यावर शंभर टक्के आकारात ठेवूनच हे पाहावे. लहान करून पाहिले की सगळेच छान वाटते.

जास्त झाले हे कसे ओळखायचे? कडांभोवती पांढरी किनार दिसू लागली, खांद्याभोवती प्रभावळ आल्यासारखी वाटली की दोन पावले मागे या. मोबाइलवर ‘स्नॅपसीड’ अॅपमध्ये ‘डिटेल्स’खाली ‘शार्पनिंग’ आणि ‘स्ट्रक्चर’ आहे. तेथेही बोट जरा आवरूनच फिरवावे.

पसरलेला उजेड परत गोळा करता येतो का?

काही अंशी येतो. याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण अवकाशातले आहे. हबल ही अवकाश दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये पृथ्वीभोवतीच्या कक्षेत सोडली गेली. पहिले फोटो आले तेव्हा शास्त्रज्ञांची निराशा झाली, कारण तारे धूसर होते. तिचा २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा घासताना कडेला सुमारे २.२ मायक्रॉनची चूक झाली होती. आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण पन्नासाव्या भागाएवढी.

दुरुस्ती होईपर्यंत शास्त्रज्ञांनी गणिताचा आधार घेतला. तारा इतका दूर असतो की तो खरे तर बिंदूच दिसायला हवा. मग धूसर फोटोत त्या बिंदूचा डाग कसा पसरला आहे हे पाहिले की दुर्बीण उजेड नेमका कसा विस्कटते ते कळते. पसरण्याचा तो साचा हाती आला की उलटे गणित करून उजेड बराचसा मूळ जागी आणता येतो. याला ‘डीकन्व्होल्यूशन’ म्हणतात. त्यातली एक गाजलेली पद्धत विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लिऑन लूसी यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. म्हणून तिला दोघांची नावे आहेत.

हीच पद्धत आज ‘रॉथेरपी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘आरएल डीकन्व्होल्यूशन’ या नावाने मिळते. फोकस थोडासाच चुकला असेल तर तिचा फायदा होतो. फोटोशॉपमधील ‘स्मार्ट शार्पन’मध्ये धूसरपणा लेन्सचा की हालल्याचा हे निवडता येते आणि हालण्याची दिशाही देता येते.

पण हबलच्या गोष्टीचा शेवट महत्त्वाचा आहे. गणिताने तेजस्वी ताऱ्यांचे फोटो सुधारले, अंधूक गोष्टींचे फारसे सुधारले नाहीत. कारण उलटे गणित उजेडाबरोबर फोटोतला कचराही, म्हणजे नॉइजही, वाढवते. अखेर डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना वर जाऊन दुर्बिणीत दोष भरून काढणारी उपकरणे बसवावी लागली. जगातील निष्णात शास्त्रज्ञांनाही जे केवळ सॉफ्टवेअरने पूर्ण साधले नाही, ते आपल्या मोबाइलमधले अॅप अर्ध्या मिनिटात कसे साधते?

अॅप चेहरा शोधत नाही, रचते

याचे उत्तर असे की ते फोटो स्पष्ट करतच नाही. ते नवा फोटो बनवते.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या अशा प्रणालींना हजारो-लाखो स्पष्ट चेहरे आधी दाखवलेले असतात. डोळा साधारण कसा असतो, ओठ कसे असतात हे त्या त्यातून शिकतात. मग आपला धूसर डाग दिला की त्या डागावर बसेल असा चेहरा त्या तयार करतात.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘पल्स’ नावाची प्रणाली मांडली. ती १६ बाय १६ ठिपक्यांच्या चित्रातून १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचा चेहरा बनवत असे. हिशेब करा. मुळात २५६ ठिपके, शेवटी दहा लाखांहून अधिक. म्हणजे एका खऱ्या ठिपक्यामागे ४०९६ ठिपके. ते आले कुठून? शिकवलेल्या चेहऱ्यांवरून. लहान केल्यावर त्याच २५६ ठिपक्यांसारखे दिसतील असे चेहरे असंख्य असू शकतात, प्रणाली त्यातला एक निवडते. हे चेहरे काल्पनिक आहेत, त्यावरून खऱ्या माणसाची ओळख पटवू नये, असे तिच्या कर्त्यांनीच सांगितले होते.

त्याच वर्षी जूनमध्ये कुणीतरी बराक ओबामा यांचा ठिपक्याठिपक्यांचा फोटो तिला दिला. जगातील कुणीही माणूस तो धूसर फोटो पाहून ओबामा म्हणून ओळखेल. प्रणालीने मात्र एक गोरा माणूस बनवून दिला. त्यावर जगभर वाद झाला. शिकवण्यासाठी वापरलेल्या चेहऱ्यांत कोण जास्त होते आणि कोण कमी, हा प्रश्न ऐरणीवर आला.

आजींच्या दादाची खोक का गेली आणि रंग का उजळला, हे आम्हाला येथे उमगले. अॅपने शिकलेल्या चेहऱ्यांत खोक क्वचितच असणार, म्हणून त्याने ती डाग समजून पुसली. मागचा फलक मराठीत होता. अॅपला अक्षर वाचता येत नव्हते, अक्षरासारखे काहीतरी काढता येत होते, तेवढे त्याने काढले.

ज्या समाजाचे फोटोच मुळात कमी काढले गेले, त्या समाजासाठी ही बाब साधी नाही. आपल्या आजी-आजोबांपैकी कित्येकांचा आयुष्यात एखादाच फोटो निघाला. उन्हाने रापलेला वर्ण, खोल गेलेले डोळे, ठिगळ लावलेला सदरा ही त्या फोटोतली माहिती आहे. तो माणूस कसा जगला याची ती नोंद आहे. अॅप ती पुसून त्यांना एखाद्या जाहिरातीतल्या माणसासारखे करत असेल, तर तो सन्मान नाही. आणि असा बनवलेला फोटो मूळ म्हणून फिरू लागला की वीस वर्षांनी खरा कोणता हे सांगणारा कुणी उरणार नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या रंगवलेल्या ऐतिहासिक फोटोंकडेही याच नजरेने पाहावे. कृष्णधवल फोटोत रंगाची नोंद नसते. कोटाचा निळा रंग असो की त्वचेचा, तो नंतर कुणीतरी भरलेला असतो.

पुरावा असेल तर हात लावू नका

कार्यकर्त्यांसाठी हा भाग सर्वात महत्त्वाचा. अत्याचाराच्या घटनेनंतर मोबाइलवरचा फोटो किंवा व्हिडिओ हाच अनेकदा पहिला पुरावा असतो. तो हालतो, अंधारातला असतो, गाडीचा नंबर पुसट असतो. अशा वेळी “अॅपने स्पष्ट करू” असा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे.

अॅपने ३ चा ८ केला तर निरपराध माणसाकडे बोट जाईल, आणि खऱ्या आरोपीच्या वकिलाला सगळाच पुरावा बनावट म्हणायची संधी मिळेल. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीच्या न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका खुनाच्या खटल्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने स्पष्ट केलेला मोबाइल व्हिडिओ पुरावा म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. न्यायसाहाय्यक व्हिडिओ तज्ज्ञांमध्ये या पद्धतीला मान्यता नाही, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची ‘हॅश’ नोंदवायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी हा ठसा बदलतो. म्हणून मूळ फाइल जशी आहे तशी राहिली पाहिजे.

यासाठी एवढे पाळा. मूळ फाइल असलेला मोबाइल जपून ठेवा. मूळ फाइल कापू नका, उजळवू नका, तिच्यावर नाव-गाव लिहू नका. वकिलांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नव्हे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दर्जा तर जातोच, फाइलमधली तारीख-वेळेची नोंदही जाते. स्पष्ट करून पाहायचेच असेल तर वेगळ्या प्रतीवर, साध्या पद्धतीने, आणि काय काय केले ते लिहून ठेवून. पीडित कुटुंबाचे फोटो तर कुठल्याही ऑनलाइन अॅपवर चढवूच नका. ते कुणाच्या सर्व्हरवर जातात आणि तेथे त्यांचे काय होते यावर आपला ताबा राहत नाही.

जुन्या फोटोसाठी आमची पद्धत

तो १९५६ चा फोटो आम्ही पुन्हा मुळापासून हाती घेतला. या वेळी अनुभवातून जे शिकलो ते असे.

१. मूळ कागदापाशी जा. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या प्रतीवर कितीही मेहनत घेतली तरी फुकट आहे. सपाट स्कॅनरवर निदान ६०० डीपीआयने स्कॅन करा. ६ बाय ४ इंचाच्या फोटोचे त्यातून ३६०० बाय २४०० ठिपके मिळतात. फोटो लहान असेल तर १२०० डीपीआय घ्या. फाइल ‘टिफ’ स्वरूपात ठेवा, कारण ‘जेपीजी’ दर वेळी बदल करून साठवताना थोडा दर्जा गमावते.

२. स्कॅनर नसेल तर दिवसाच्या सौम्य उजेडात, खिडकीजवळ, फोटो सपाट ठेवून मोबाइल वरून सरळ धरा. फ्लॅश बंद. लेन्स आधी मऊ कापडाने पुसा. आपले निम्मे धूसर फोटो लेन्सवरच्या बोटांच्या ठशांमुळेच धूसर असतात, असे आम्हाला आता वाटू लागले आहे.

३. आधी उजेड-अंधार नीट करा. पिवळट, फिका पडलेला फोटो ‘लेव्हल्स’ने सुधारला की बऱ्याचदा शार्पनिंगची गरजच उरत नाही.

४. मग शार्पनिंग, आणि तेही सर्वात शेवटी, थोडेच.

५. छापील अंकातला फोटो असेल तर वेगळा विचार करा. जुन्या वृत्तपत्रांत फोटो शाईच्या बारीक ठिपक्यांनी छापलेले असतात. ‘जनता’ किंवा ‘प्रबुद्ध भारत’च्या जुन्या अंकातला असा फोटो शार्पन केला तर चेहऱ्याऐवजी ते ठिपकेच उठून दिसतात. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ‘डीस्क्रीन’ असते, ते अशा वेळी वापरा किंवा फोटो आधी किंचित धूसर करून मग लहान करा.

६. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याला कधीही हात लावू नका. सुधारलेल्या प्रतीच्या नावातच ‘सुधारित’ लिहा. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली असेल, रंग भरले असतील, तर फोटोखाली तसे ठळक लिहा. वाचकाला ते कळण्याचा हक्क आहे.

आम्ही एवढे केले तेव्हा चेहरे त्या अॅपसारखे लख्ख झाले नाहीत. पण १२०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये, उजेड नीट केल्यावर, मागच्या फलकावरचे गावाचे नाव वाचता आले. दुसऱ्या रांगेतल्या एका तरुणाच्या डाव्या भुवईवर एक बारीकशी फिकट रेघ दिसली. आम्ही ती प्रत मोठी छापून आजींकडे नेली. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवले आणि मग शेजारच्यांची नावे सांगायला सुरुवात केली. त्या संध्याकाळी आम्हाला अकरा नावे मिळाली. बाकीच्यांची सांगणारे आता कुणी नाही.

म्हणून शेवटी एकच विनंती. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातले जुने फोटो नीट स्कॅन करा. सॉफ्टवेअर वापरा, जरूर वापरा, पण जे फोटोत आहे तेच दिसू द्या. आणि स्कॅन करण्याच्याही आधी घरातल्या सर्वात वयस्कर माणसाजवळ बसा, फोटोतल्या एकेका चेहऱ्याचे नाव विचारा आणि लिहून घ्या. पुसट चेहरा उद्याही थोडाफार स्पष्ट करता येईल. विसरले गेलेले नाव कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.